सोलापुरात राहून स्कूबाचं सामान विकत घ्यावं की भाड्यानं वापरावं?

जुळेसोलापूर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटर हे सुरुवातीचं सर्टिफिकेट झालंय, म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंत. यापुढे पावसाळा संपला की मालवण-तारकर्ली, एखाद्या वर्षी कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट, आणि रजा जमली तर अंदमान असा बेत आहे. वर्षाकाठी पाण्यात उतरण्याचे दिवस सहा ते आठच भरतील. बाकीचे महिने सामान घरात पडून राहणार, तेही आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात.

घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं, दुसऱ्यानं तोंडात धरलेलं रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं साधन) नको, सगळा सेट स्वतःचा घ्यावा. दुसरं म्हणतं, समुद्र इथून पावणेचारशे किलोमीटर लांब, एवढे पैसे कशात अडकवायचे? काय आधी घ्यावं, काय कधीच घेऊ नये, आणि भाड्याचं सामान हातात आल्यावर नेमकं काय तपासावं, हे जाणकारांनी सांगावं. पुण्यातला एक चार वर्षं जुना सेट (रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंग सांभाळायला हवा भरायचं जाकीट) विकायला आहे, तो बघावा का? चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा ३ आहे आणि मिशा आहेत, हेही सांगून ठेवतो.

तळगाठ यांचं उत्तर:

आधी हिशेब मांडू, कारण बहुतेक वाद तिथेच मिटतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या डायव्हिंग केंद्राचे आणि दुकानाचे टाका.

समजा रेग्युलेटर आणि बीसीडी मिळून १ लाख रुपये. दहा वर्षं चाललं तर वर्षाला १० हजार. सर्व्हिसिंगचे वर्षाला ६ हजार धरा. त्यात फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आणि ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज) अशा तिघांचे किट वेगळे लागतात आणि मजुरी वेगळी, हे लोक विसरतात. सोलापुरात हे काम करणारं कुणी नाही, पुणे-मुंबई-गोव्याकडे पाठवायचं, म्हणजे कुरिअरचे हजारभर. झाले वर्षाला १७ हजार. आता स्वतःचं सामान आणलं म्हणून केंद्र दिवसाला ५०० रुपये कमी करत असेल, तर खर्च भरून यायला वर्षात ३४ दिवस पाण्यात जायला हवं. सूट हजाराची असली तरी १७ दिवस. तुमचे आठ.

आणि ही सूट आधी फोन करून विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत डाइव्हच्या दरातच सामान धरलेलं असतं. स्वतःचं नेलं तरी दर तोच राहतो. तसं असेल तर पैशाच्या बाजूनं चर्चाच संपली.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिला मास्क. तो चेहऱ्यावर बसतो, आणि चेहरे सारखे नसतात. भाड्याचा मास्क गळत असेल तर अख्खी डाइव्ह पाणी काढण्यात जाते, हवा जास्त संपते, डोकं शांत राहत नाही. दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. तिसरा स्वतःचा माउथपीस आणि दोन-चार झिप टाय (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्या). तुमच्या घरातली हरकत तोंडाला लागणाऱ्या भागाची आहे ना? तो भाग काही शे रुपयांत मिळतो. केंद्रावर विचारून जुनी टाय कापायची, आपला माउथपीस चढवायचा, नवी टाय ओढून घट्ट करायची आणि उरलेलं टोक सपाट कापायचं. टोक तिरकं राहिलं तर ओठाला टोचतं. डाइव्ह संपली की आपला काढून घ्यायचा आणि त्यांचा परत बसवून द्यायचा. बहुतेक माउथपीस बहुतेक सेकंड स्टेजना बसतात, काही मॉडेलना नाही, म्हणून मॉडेल आधी विचारा.

त्यानंतर पायाचं माप नेहमीच्या चौकटीबाहेरचं असेल तर फिन्स, आणि अंगाचं माप तसं असेल तर वेटसूट. आपल्या किनाऱ्याला ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. ढगळ सूटमध्ये पाणी आत-बाहेर खेळत राहतं, त्यामुळे जाडी असूनही अंग गार पडतं. माप बरोबर हवं, ब्रँड कुठलाही चालेल.

रेग्युलेटर आणि बीसीडी वर्षाला वीसेक दिवस पाण्यात जाऊ लागलात की मग बघा. सिलिंडर कधीच नको, त्यावर दुसरं कुणीतरी नीट लिहील.

फर्स्टस्टेज यांचं उत्तर:

तळगाठ दादांचा हिशेब बरोबर आहे, पण रेग्युलेटर नुसता पैशावर तोलू नये असं माझं मत. ओळखीच्या सामानात हात आपोआप योग्य जागी जातो. भाड्याच्या बीसीडीत एका केंद्रावर डंप व्हॉल्व्हची, म्हणजे हवा सोडायच्या झडपेची, दोरी उजव्या खांद्यावर असते, दुसरीकडे मागं कमरेला. ऑक्टोपस कधी छातीवर अडकवलेला, कधी खिशात कोंबलेला. गडबडीत हे शोधावं लागणं धोक्याचं आहे. पण याचा उलटा भागही तितकाच खरा आहे, आणि सोलापूरकरांना तोच जास्त लागू पडतो: रेग्युलेटर वापरून जितका बिघडतो त्याहून पडून राहून बिघडतो. सेकंड स्टेजची मऊ सीट (झडपेतली हवा अडवणारी चकती) महिनोन्महिने स्प्रिंगच्या दाबाखाली कडेवर टेकून राहते, तिच्यात चर पडते, आणि पुढच्या मोसमात जोडल्या जोडल्या सूं सूं सुरू होतं. ओ-रिंगवरचं ग्रीस सुकतं. केंद्राचा रेग्युलेटर रोज चालतो, रोज धुतला जातो, दोष असेल तर त्याच दिवशी कळतो. म्हणजे चांगल्या केंद्राचा भाड्याचा सेट हा आठ महिने कपाटात राहिलेल्या स्वतःच्या सेटपेक्षा भरवशाचा असू शकतो. सगळं केंद्रावर अवलंबून आहे. म्हणून तपासणी शिकून घ्या, ती दहा मिनिटांची आहे. होडीत नाही, किनाऱ्यावर करायची, कारण तिथं बदली सेट मिळतो.

सिलिंडरला जोडण्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची टोपी घट्ट बसवा आणि सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. श्वास अडला पाहिजे आणि तोंडातली ओढ तशीच टिकली पाहिजे. हवा झिरपत आली तर माउथपीस चिरलाय, बाहेर श्वास सोडायची रबरी झडप वळलीये किंवा डायफ्राम सरकलाय. जिथून आत्ता हवा येते तिथूनच पाण्यात पाणी येणार. ऑक्टोपसलाही हेच करा. लोक ऑक्टोपस सोडून देतात, आणि गरज पडते ती नेमकी जोडीदाराला.

मग फर्स्ट स्टेजच्या तोंडातली छोटी जाळी बघा. चांदीसारखी किंवा पितळी दिसली तर ठीक. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय. लालसर पूड दिसली तर सिलिंडरमधला गंज आलाय. दोन्ही वेळा सेट बदलून मागायचा, वाद घालत बसायचं नाही.

होजवरची रबरी आवरणं दोन्ही टोकांकडून मागं सरकवा. बिघाड त्यांच्याखालीच लपतो. धातू आणि रबर जिथं जुळतात तिथं तडा, फुगवटा, हिरवा थर काही नको. सिलिंडरच्या झडपेतली ओ-रिंग बोटानं फिरवून बघा, कापलेली किंवा चपटी झालेली असेल तर बदलून घ्या.

आता जोडा. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजची काच स्वतःच्या तोंडाकडे न धरता खाली जमिनीकडे धरा आणि सिलिंडरची झडप हळू उघडा, मग पूर्ण उघडा. जोडण्याआधी काटा शून्यावर होता ना? दाब नसताना काटा दहा-वीसवर अडकलेला असेल तर तो गेज शेवटच्या हवेच्या वेळी खोटं सांगणार. आता काट्याकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर झडप अर्धवटच उघडलीये. वरवर हवा मिळते, आणि खोलीवर अचानक कमी पडते. हवेला तेलाचा, डिझेलचा, जळक्या रबराचा वास आला तर त्या कॉम्प्रेसरची हवा घ्यायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, पण धुराच्या वासाबरोबर तो येतो. त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा खेचणारी नळी जनरेटरच्या किंवा होडीच्या धुराजवळ आहे का, एवढं केंद्रावर पोचल्यावर नजरेखालून घाला.

पुढं बीसीडी. इन्फ्लेटर दाबून पूर्ण फुगवा, जास्तीच्या दाबाची झडप फुर्रकन सुटेपर्यंत. मग बटण आठ-दहा वेळा पटपट दाबून सोडा आणि कान लावा. बटण सोडल्यावरही हवा भरत राहिली तर आत मीठ साठलंय. हा दोष सगळ्यात वाईट, कारण खाली असताना बीसीडी आपोआप फुगत जाते आणि माणूस वर फेकला जातो. तसं झालंच तर आधी इन्फ्लेटरची होज ओढून सोडवायची, मग हवा सोडायची. त्या होजचा चाप किनाऱ्यावरच दोन-तीनदा काढून-घालून हाताला सवय करा. फुगवलेली बीसीडी दहा मिनिटं तशीच ठेवा. तेवढ्यात दोन गोष्टी कळतात: बीसीडी ढिली पडते का, आणि सुरुवातीला शांत असलेल्या सेकंड स्टेजमधून हळूहळू फुसफुस सुरू होते का. दुसरं झालं तर फर्स्ट स्टेजची उच्च दाबाची सीट धरत नाही आणि मधला दाब, म्हणजे फर्स्ट आणि सेकंड स्टेजच्या मधल्या होजमधला दाब, चढत चाललाय. जोडल्या क्षणी हे कळत नाही, वेळ द्यावाच लागतो.

शेवटी सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं मजबुती तपासल्याची) तारीख वाचा. पुढच्या टेस्टची मुदत संपलेली नको.

पार्कचौक यांचं उत्तर:

सिलिंडरचं मी लिहितो.

नेहमीचा ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामा असताना १४ किलोच्या आसपास असतो. ते ओझं सोडा, तो भरणार कुठं? सोलापुरात श्वासासाठी हवा भरून देणारा डायव्हिंगचा कॉम्प्रेसर नाही. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारचा, आपल्याला लागतात २०० बार. आणि दाब मिळाला असता तरी त्या हवेत तेलाचे थेंब असतात, गाळण नसते. श्वासाच्या हवेचं युरोपीय मानक ईएन १२०२१ कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमच्या (दहा लाखात ५ भागांच्या) आत आणि तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतं. गॅरेजची हवा तिथं बसत नाही. गॅसच्या एजन्सीतून ऑक्सिजन भरून आणायचा विचार तर कुणी मनातही आणू नये. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरतो, झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणं.

कायद्याची बाजूही आहे. दाबाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात आणि त्यांची मंजुरी पेसोकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असते. परदेशातून स्वस्तात आणलेल्या बिनमंजुरीच्या सिलिंडरमध्ये जबाबदार डायव्हिंग केंद्र हवा भरणार नाही, आणि न भरणं बरोबरच आहे.

उन्हाचं गणितही बघा. २७ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशाला गेला की दाब २२२ बारच्या पुढं जातो. मे महिन्यात आपल्याकडे उभ्या गाडीत ६० अंश व्हायला दुपार पुरते.

उजनीत किंवा खोल विहिरीत सराव करू म्हणून कुणी सिलिंडर घेत असेल तर तेही सांगतो. उजनी ही जलसंपदा विभागाची जागा, परवानगीशिवाय उतरायचं नाही. पाणी गढूळ, शेवाळलेलं, खाली मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे आणि बुडालेली झाडं. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहोत. ३०० मीटरच्या वरच्या डाइव्हला उंचीवरची डाइव्ह म्हणून वेगळे नियम लागतात, कॉम्प्युटर तसा लावावा लागतो. ओपन वॉटरच्या शिक्षणात ते शिकवलेलं नसतं. सराव जलतरण तलावातच करा, मास्क-फिन्सचा, तेवढा पुरतो. फक्त तलावातून आल्यावर मास्क लगेच साध्या पाण्यानं धुवा, क्लोरीन रबराला खातं.

जुळेसोलापूर:

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. सिलिंडरचा विषय डोक्यातून काढला. आता दोन गोष्टी राहिल्या. पुण्याचा जुना सेट बघायला जायचं ठरलं तर काय विचारू? आणि घेतलाच तर सोलापुरात तो सांभाळायचा कसा? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीत ठेवलं की कडेला पांढरा थर धरतो.

फर्स्टस्टेज यांचं उत्तर:

जुना सेट बघताना आधी मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर मागा, आणि कंपनीच्या भारतातल्या अधिकृत विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचे सर्व्हिस किट आजही मिळतात का? किट बंद झालेला रेग्युलेटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसरा प्रश्न विक्रेत्याला: शेवटची सर्व्हिस कधी झाली, त्याची पावती आहे का? बहुतेक कंपन्या वर्षाला किंवा शंभर डाइव्हला, काही दोन वर्षांना सर्व्हिस सांगतात, पण मधल्या वर्षी तपासणी हवीच. पावती नसेल तर सर्व्हिस झालीच नाही असं धरून तो सगळा खर्च किमतीतून वजा करा.

सिलिंडरला लावायचा जोड यॉक (बाहेरून चापानं आवळायचा) आहे की डिन (झडपेत फिरवून बसवायचा), तेही बघा. आपल्याकडच्या केंद्रांत यॉक जास्त चालतो. डिन वाईट नाही, उलट जास्त मजबूत, पण सोबत ॲडॉप्टर बाळगावा लागेल.

मधला दाब मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्व्हिसवाल्याकडे त्याचा गेज असतो. बहुतेक मॉडेलना हा दाब ९ ते १० बार असतो. पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून सोडल्यावर काटा खाली जाऊन परत त्याच आकड्यावर थांबला पाहिजे. थांबल्यावरही चढत राहिला तर सीट गेलीये. बीसीडीच्या पिशवीत अर्धी बादली साधं पाणी घालून हलवा आणि खालच्या झडपेतून पांढऱ्या भांड्यात काढा. मिठाचे खडे, काळे कण, कुजका वास आला तर मालकानं आतून कधी धुतलीच नाही. रात्रभर फुगवून ठेवता आली तर उत्तम.

आता सांभाळणं. इथं बोअरच्या पाण्याचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर काढलात. मीठ धुवायला ते चालतं, पण वाळल्यावर जो पांढरा थर मागं राहतो तो इन्फ्लेटरच्या बटणात आणि फर्स्ट स्टेजच्या फटींत बसतो. म्हणून दोन टप्पे करा. पहिली धुलाई मालवणलाच, केंद्राच्या गोड्या पाण्यात, सामान ओलं असतानाच. मीठ एकदा सुकून खडा झालं की नुसत्या विसळण्यानं जात नाही. शक्य असेल तर रेग्युलेटर सिलिंडरला जोडून दाबाखाली असतानाच बुडवून घ्या, म्हणजे आत पाणी शिरायचा प्रश्न येत नाही.

दुसरी धुलाई घरी. फर्स्ट स्टेजची टोपी कोरडी पुसून घट्ट लावा. हे आधी, पाण्याला हात लावायच्या आधी. मग अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, हाताला सोसेल एवढंच कोमट. भिजताना पर्जचं बटण दाबायचं नाही. दाब नसताना ते दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजमध्ये जातं. टोपी विसरणं आणि पर्ज दाबणं, ती हिरवी जाळी याच दोन कारणांनी होते. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा, पाच-सहा लिटर पुरतात. पिंपात आरओचं पाणी नसेल तर नळाचं धरून ठेवलेलं वापरा.

बीसीडीत इन्फ्लेटरच्या नळीतून दोन-तीन लिटर साधं पाणी घाला, थोडी फुगवा, उलटीसुलटी करा, सगळं काढा, परत एकदा. मग अर्धी फुगवलेली सावलीत लटकवा. पूर्ण चपटी ठेवली तर आतल्या भिंती चिकटतात.

वाळवायचं पंख्याखाली, गच्चीवर नाही. आपलं ऊन निओप्रीनचं, म्हणजे वेटसूटच्या रबराचं, आयुष्य खातं. पत्र्याच्या खोलीत, स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर काही ठेवू नका, उन्हाळ्यात तिथली उष्णता दिवसभर मुरते. घरातलं सगळ्यात थंड कपाट निवडा, खालचा कप्पा. विजेच्या मोटारींच्या शेजारीही नको, तिथं तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. वेटसूट तारेच्या हँगरला अडकवला की खांद्यावर कायमची घडी पडते, रुंद खांद्याचा हँगर घ्या. होज मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवायच्या. मास्क त्याच्या डब्यात, काळ्या रबराला न टेकता, नाहीतर पारदर्शक सिलिकॉन पिवळं-काळं पडतं. आणि माउथपीसवर पिशवी बांधा, झुरळं आणि मुंग्या आत शिरतात.

एवढं वर्षभर करायची तयारी असेल तर सेट घ्या. नसेल तर तळगाठ दादांची यादी तुमच्यासाठी योग्य आहे.

घाटउतार यांचं उत्तर:

कॉम्प्युटर दुसऱ्या क्रमांकावर का, हे कुणी उलगडून लिहिलं नाही, आणि सोलापूरच्या माणसाला त्याचं एक खास कारण आहे.

कॉम्प्युटर तुमच्या शरीरात किती नायट्रोजन साठला याचा हिशेब ठेवतो, डाइव्हपासून डाइव्हपर्यंत. भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर असेल तर त्यात त्याचा नायट्रोजन आहे, तुमचा नाही. दुपारी तुम्ही घातला की सगळे आकडे चुकीचे. सकाळी एक आणि दुपारी दुसरा घेतला तर दुसऱ्याला तुमची सकाळची डाइव्ह माहीतच नाही, आणि तो तुम्हाला हक्कापेक्षा जास्त वेळ खाली राहू देईल. जोडीदाराचा बघून चालवणंही चूक, कारण दोघं एका खोलीवर नसतात. म्हणून भाड्यानं घेतलाच तर पूर्ण मुक्कामासाठी एकच घ्या, आणि आदल्या दिवशी कुणी वापरला होता ते विचारा.

खास कारण असं: आपण मालवणहून परत येतो ते घाट चढून. आंबोली ६९० मीटरवर आहे, गगनबावड्याची वाटही साधारण तेवढीच चढते. डाइव्हनंतरच्या विमान प्रवासाचे जे नियम आहेत ते सुमारे ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसाठी बनवलेत: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबा, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास. घाटमाथा त्या पट्ट्याच्या अगदी तळाला येतो हे खरं, पण येतो. रविवारी दुपारी १८ मीटरची दुसरी डाइव्ह संपवून चारला गाडी काढली, तर सहा-सातच्या सुमारास तुम्ही सहाशे मीटरच्या वर असता. हवेचा दाब कमी झाला की विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरतो. त्यात भर, गाडी चालवत, जागून, पाणी न पिता.

म्हणून शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवूच नका. शनिवारी दुपारपर्यंत डाइव्ह संपवा, रविवारी किल्ला बघा, जेवा आणि निघा. २०२५ मध्ये सुरू झालेल्या गोवा-सोलापूर विमानानं येणार असाल तर १८ तासांना पर्यायच नाही. कॉम्प्युटर मनगटावर असला की विमानाची खूण किंवा उरलेले तास तो स्वतः दाखवतो, आणि घाट केव्हा चढायचा हे त्या आकड्यावर ठरवता येतं. स्वतःच्या कॉम्प्युटरची खरी किंमत मला इथं वसूल झालेली दिसते.

घेताना ज्याची बॅटरी घरी बदलता येते असा घ्या. सीआर २४३० किंवा सीआर २४५० सारखी नाण्याच्या आकाराची बॅटरी आपल्याकडे घड्याळाच्या दुकानात मिळते. बदलताना ओ-रिंगही नवीच घाला, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन; ओ-रिंगवर केस किंवा कापसाचा धागा राहिला तर तिथूनच पाणी शिरतं. चार्जिंगवाला असेल तर पडून राहताना दोन-तीन महिन्यांनी अर्धा चार्ज करत राहा.

जुळेसोलापूर:

घाटाचं खरंच डोक्यात नव्हतं. रविवारी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी निघायचं असाच बेत होता, तो बदलला. आधी मास्क, कॉम्प्युटर आणि माउथपीस घेतो. पुण्याचा सेट सध्या नको. मास्क घेताना नंबर आणि मिशा यांचं काय करायचं तेवढं सांगा.

तळगाठ यांचं उत्तर:

दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या, सलग एका काचेचा नाही. दोन काचांच्या बऱ्याच मॉडेलना अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या तयार काचा मिळतात, साधी काच काढून तीच खोबणीत बसवायची. तुमचा वजा ३ तयार मिळेल. नंबर मधला असता तर जवळचा कमी घ्यायचा. पाण्याखाली वस्तू तशाही साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडा कमी नंबर खपून जातो. सिलिंड्रिकल नंबर मात्र तयार काचांत नसतो. काचेवर टेम्पर्ड असं कोरलेलं हवं. तुमचा नंबर केंद्रावरच्या भाड्याच्या मास्कमध्ये क्वचितच मिळेल, म्हणून ही खरेदी पहिली.

बसतो का ते असं बघा: पट्टा पुढं टाकून द्या, मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलका श्वास आत घ्या आणि रोखा. हात सोडल्यावर मास्क जागेवर राहिला पाहिजे. मग तोंडात माउथपीस धरून परत तेच करा, कारण तोंड उघडलं की गालांचा आकार बदलतो आणि दुकानात बसलेला मास्क पाण्यात गळायला लागतो. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड वळून वाढते.

मिशा काढायची गरज नाही. मिशांची नाकाखालची वरची कड, मास्कची कड जिथं टेकते तिथं, अर्धा सेंटिमीटर पट्टी वस्तऱ्यानं साफ ठेवा. ते नको असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर तिथं चोळा. व्हॅसलिन लावू नका, ते काचेवर पसरतं आणि काही रबरांना खराब करतं. आणि ज्याच्यात नाकाखालून पाणी बाहेर जायची एकमार्गी झडप असते असा मास्क मिळाला तर मिशावाल्याला सोयीचा पडतो. फक्त त्या झडपेत वाळूचा कण अडकला की ती उलट गळते, तेव्हा प्रत्येक डाइव्हनंतर ती पाण्यात धुवून घ्या.

नव्या काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातला सिलिकॉनचा अदृश्य थर असतो, त्यामुळे ती सारखी धुकट होते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नाही, बोटावर घेऊन दोन्ही काचा आतून पाच मिनिटं घासा, धुवा, आणि हे तीन-चार वेळा करा. बसवलेल्या नंबरच्या काचेवर काही लेप असल्याचं डब्यावर लिहिलं असेल तर मात्र घासू नका, लेप जाईल. मग डाइव्हआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब, पसरवून, हलकंसं विसळून.

नंबरच्या काचा असलेला मास्क चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. बाकी सगळं अंदमानलाही भाड्यानं मिळेल, हा मिळणार नाही.